'उलटं लिहून आणा' म्हणे!

कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. अजून आठवलं तरी माझे कान तापतात. आणि कान तापले की माझी शाळेतली प्रमाण मराठी सुटते आणि आमची चंद्रपूरच्या कोरपन्याकडची बोली बाहेर पडते, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या. चूक माझीच होती, हे आधीच कबूल करते. पण तेव्हा मला खात्री होती की अख्ख्या परिवहन खात्यानं मिळून माझ्या एकटीविरुद्ध कट केलाय!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. रिटायर झाल्यावर बायका काय करतात? लोणची घालतात, शिकवण्या घेतात, सुनांना सल्ले देतात. मी काय केलं? रुग्णवाहिका घेतली!

त्याचं असं झालं. आमच्या गावाच्या वर, पहाडावर तुकारामभाऊ मडावी राहतात. किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चंद्रपूरला जायचं. जाताना एसटी, येताना एसटी. ते मशिनीवरून उठलं की माणसाला धड उभं राहवत नाही हो! आणि हे भाऊ बसच्या दांड्याला लोंबकळत राजुऱ्यापर्यंत उभे. एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत बसमध्ये कोसळले. कंडक्टर पाणी मारतोय, लोक वारा घालताहेत, आणि भाऊ डोळे उघडून काय म्हणाले माहीत आहे? "मले उतरून देऊ नका. पुढची बस संध्याकाळले हाय."

त्याच दिवशी मी ठरवलं. चौकशी केली तर आमच्या भागात असे अजून चौघं निघाले. निवृत्तीच्या पैशांतून गाडी आली. चालवायला विलास आला. विलास माझा विद्यार्थी. आता चाळिशीला टेकलाय, मिशीत पांढरं आलंय, पण गाडी अशी चालवतो की पोटातलं पाणी हलत नाही.

आता मला वाटलं, गाडी पांढरी रंगवली, वर दिवा बसवला, झाली रुग्णवाहिका. छे! परिवहन कार्यालयात माझ्या हातात एक यादीच ठेवली. स्ट्रेचर हवं. ते नुसतं ठेवलेलं नको, जागेवर पक्कं बसवलेलं हवं. ऑक्सिजनच्या सिलिंडरला पट्टा हवा. आग विझवायचं नळकांडं हवं. ड्रायव्हरकडे बॅज हवा, त्याचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं. खरं सांगते, हे सगळं मला पटलं. माणसाच्या जिवाचा मामला आहे, नियम पाहिजेतच. मी एकेक वस्तू गोळा केली आणि एकेका ओळीसमोर बरोबरची खूण करत गेले, पेपर तपासल्यासारखी.

शेवटची ओळ होती: 'वाहनाच्या दर्शनी भागावर रुग्णवाहिका हा शब्द प्रतिबिंबित अक्षरांत असावा.'

आता तुम्हीच सांगा, प्रतिबिंबित अक्षरं म्हणजे काय? मी म्हटलं, उजेड पडला की चमकणारी असतात ती! रेडियम! दुसरं काय असणार? शिवाय 'मराठी किंवा इंग्रजी' अशी मुभा होती. मी अर्थातच मराठी निवडली. गडचांदूरच्या अन्वरभाई पेंटरकडून बॉनेटवर टप्पोरी, लालभडक, चमकणारी अक्षरं लावून घेतली. 'ग्ण' इतका सुरेख आला होता की मी दोनदा हात फिरवला.

तपासणीला गेलो. मैदानात गाड्यांची ही रांग! ट्रॅक्टर, स्कूलबस, टँकर. तपासायला एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम, साताऱ्याकडच्या. त्यांनी स्ट्रेचर हलवून पाहिलं, सिलिंडर पाहिला, विलासचे कागद पाहिले, खूश झाल्या. मग समोर आल्या आणि मान हलवली.

"मावशी, नाव सरळ लिहिलंय तुम्ही."

मावशी! अख्खा तालुका मला बाई म्हणतो. तरी मी गिळलं. "मग कसं लिहायचं?"

"उलटं. उलटं लिहून आणा. यादीत दिलंय की. चला, पुढची गाडी!"

उलटं? मी तीस वर्षं पोरांना सरळ लिहायला शिकवलं, आणि ही मला उलटं लिहायला सांगते!

परत येताना विलास हळूच म्हणाला, "बाई, मले वाटते का..."

"गप राय! मी विचार करून राह्यली."

विचार करून मी अन्वरभाईला सांगितलं, "उलटं करा."

अन्वरभाईनं ब्रश खाली ठेवला. "बाई, पक्का? डोकं खाली, पाय वर?"

"सरकारी आदेश हाय."

बिचाऱ्यानं मान वाकडी करकरून अक्षरं रंगवली. काम झाल्यावर चार पावलं मागं सरकून पाहत म्हणाला, "चला, एक फायदा हाय. गाडी पलटी झाली तं बरोबर वाचता येईन."

दुसऱ्या तपासणीला मॅडम गाडीसमोर आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मग डोकं तिरकं करून वाचलं. "हे काय आहे?"

"उलटं," मी म्हटलं.

"अहो मावशी, असं उलटं नव्हे! उजवीकडून डावीकडे! किती गाड्या थांबल्यात मागे, बघा तरी. पुढच्या वेळी नीट करून आणा."

उजवीकडून डावीकडे. ठीक आहे! काढली पुन्हा अक्षरं. पुन्हा अन्वरभाई. या वेळी शेवटचं अक्षर पहिलं आणि पहिलं शेवटचं. काहिवाग्णरु!

हसू नका. गाडी आमच्या गावातून निघाली तर पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. एक जण म्हणतो, "बाई, तेलुगू हाय का हे?" सिमेंटच्या कारखान्यासमोर तेलंगणाचा एक ट्रकवाला खाली उतरून विलासला विचारतो, "भाई, ये काहिवाग्णरु किधर पडता है? आसिफाबाद के आगे?" त्याला ते गावाचं नाव वाटलं!

माझा संताप विचारू नका. ही अशी अक्षरं माझ्या गाडीवर! माझ्याच सांगण्यावरून! जिच्या वर्गात काना चुकला तर पानभर लिहून काढावं लागे, तिच्या गाडीवर काहिवाग्णरु!

तिसऱ्या तपासणीला मॅडमनी गाडी पाहिली, आणि काय केलं असेल? हसल्या! तोंडाला रुमाल लावून हसल्या. कारकून हसला. ट्रॅक्टरवाले हसले. मग स्वतःला सावरत त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आरशात बघा ना एकदा..."

झालं! माझा फ्यूज उडाला.

"आरशात? मले आरशात पाहाले सांगता? माझं तोंड तुमाले आवडत नाई काय? पोरी, तुझ्या वयाएवढी माझी नोकरी झाली! तीन डाव गाडी आणली मी. तिकडे मानूस बसमध्ये कोसळून राह्यला आन् तुमी इथी मराठीचे हाल करून राह्यले! अक्षरं उलटी करा, सुलटी करा... मराठी म्हणजे काय गोधडी हाय?"

"मावशी, ऐका तरी..."

"मावशी नाई! बाई म्हणा!"

मैदानात दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वाईट असतात बरं का. त्या ऐकल्या की माणूस थांबत नाही. मी तिथंच टँकरच्या चाकाजवळ बसून चार पानी तक्रार लिहिली. 'महोदय, आपल्या अधीनस्थ निरीक्षकांनी मायमराठीची अक्षरे उलटी लिहिण्यास मला तीन वेळा भाग पाडले, तसेच सर्वांसमक्ष आरशात तोंड पाहण्यास सांगून एका निवृत्त शिक्षिकेचा घोर अवमान केला.' घोर शब्दाखाली दोन रेघा. बड्या साहेबांच्या टेबलावर ठेवूनच आले.

साहेबांनी सुनावणी लावली. तोवर गाडी अंगणात उभी. आणि तुकारामभाऊ? एसटीत. एकदा माझ्या दारावरून बसस्टँडकडे चालले होते. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढं चालू लागले. मला अजूनच राग आला. माझा नाही, त्या मॅडमचा!

सुनावणीच्या दिवशी विलासनं त्याच्या साळ्याची जीप आणली. मी पुढं बसले. हातात तक्रारीची प्रत, आणि मोठ्यांदा सराव चालू, "महोदय, भाषेची विटंबना..."

राजुरा सुटलं, नदीच्या पुलाकडे लागलो, तर मागून सायरन. मी वर आरशात पाहिलं. मागं एक रुग्णवाहिका. आणि तिच्या बॉनेटवर काय? रुग्णवाहिका! सरळ! ठसठशीत! रु, ग्ण, वा, हि, का!

"विलास! पाह्य! पाह्य! सरळ हाय! हिले कशी पास केली? वशिला! हा वशिला हाय! थांब, पुरावा पाहिजे, मी नंबर घेते!"

"बाई..."

"तू समोर पाहून चालव!"

मी सीटवर गुडघा टेकवला आणि वळून मागच्या काचेतून पाहिलं. आणि थबकले. अक्षरं उलटी. अगदी तिरपागडी, 'का' डावीकडे, त्याचा कानाही भलत्याच बाजूला.

पुन्हा पुढं वळून आरशात पाहिलं. सरळ.

मागं काचेतून. उलटं.

आरशात. सरळ.

चार-पाच वेळा माझी मान अशी फिरली. विलासनं जीप बाजूला घेतली, रुग्णवाहिका सायरन वाजवत पुढं निघून गेली, आणि मी हातातल्या तक्रारीची घडी करून ती पर्समध्ये कोंबली.

अहो, पुढच्या गाडीवाल्याला आरशात बरोबर वाचता यावं म्हणून ते! प्रतिबिंबित म्हणजे प्रतिबिंबातलं! शब्द अगदी अचूक होता. मराठीच्या बाईलाच तो कळला नाही. आणि ती पोरगी बिचारी मला आरशात पाहायला सांगत होती ते गाडीचं नाव, माझं तोंड नव्हे!

परत फिरायचं मनात आलं. पण चार पानं साहेबांच्या टेबलावर होती. गेले. साहेब गंभीर, फाईल उघडी. मॅडम भिंतीशी उभ्या, चेहरा उतरलेला. त्या पोरीला माझ्यामुळे लेखी खुलासा द्यावा लागला होता, तोही हातात होता.

"बोला बाई," साहेब म्हणाले.

तासभराचं भाषण पाठ होतं. मी म्हटलं, "साहेब, तक्रार मागं घेते. मॅडमचं बरोबर होतं. मी आरशात पाह्यलं."

साहेबांना काही कळलं नाही. मॅडमना कळलं. त्या हसल्या नाहीत हो! उलट पुढं येऊन म्हणाल्या, "बाई, मीही नीट सांगायला हवं होतं. गर्दीत दोन मिनिटं काढली नाहीत." आणि त्यांनी स्वतः मोठ्या कागदावर शब्द लिहिला, कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला, आणि मागून दिसणारी अक्षरं मला गिरवून दिली. अन्वरभाईनं ती तशीच रंगवली. चौथ्या तपासणीत गाडी पास.

पहिल्याच फेरीला तुकारामभाऊंना घेतलं. येताना ते मागं स्ट्रेचरवर आडवे, पायावर चादर, गाढ झोपलेले. पुढच्या गाड्या आरशात पाहून भराभर बाजूला सरकत होत्या. प्रत्येक गाडी सरकली की माझे कान तापायचे. शेवटी राहवेना.

"विलास, खरं सांग. हे आरशाचं तुले आधीपासून माहीत होतं?"

"हो बाई. ड्रायव्हर हाय मी. वीस वर्षांपासून आरशातच तं पाहून राह्यलो."

"मंग मेल्या, सांगितलं काऊन नाई मले?"

विलासनं गिअर बदलला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सांगाले गेलो होतो बाई. पण तुमीच तं चौथीत शिकवलं, का बाईले उलट उत्तर द्याचं नाई म्हणून!"