आजीला चालणार नाही

आजीला घरात कुत्रा चालणार नाही, असं मी माझ्या मुलीला सांगितलं, आणि ते खोटं होतं. मी आईला विचारलंच नव्हतं. पुण्यात गल्लीतल्या कुत्र्याला पहिली पोळी घातल्याशिवाय ती आम्हाला वाढत नसे. तिला चालणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा आम्ही लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला राहत होतो. मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिला कुत्रा हवा होता. बायकोची अट एकच, भुंकणारा नको. शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड फारसे भुंकत नाहीत, दिवसभर झोपून असतात, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. म्हणून एका रविवारी आम्ही अशा कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या एका केनेलवर गेलो. तिथल्या बाईने एकाला बाहेर आणलं. काळ्या-तपकिरी पट्ट्यांचा, लांब तोंडाचा, कानात हिरव्या शाईने अक्षरं गोंदलेली. पट्टा मुलीच्या हातात दिल्याबरोबर तो तिच्याजवळ सरकला आणि अंगाचा सगळा भार टाकून तिला टेकून उभा राहिला. या जातीची ही सवयच असते, असं बाई म्हणाली. मुलीने कसाबसा तोल सांभाळला आणि माझ्याकडे बघितलं. ठरलंच ते. शर्यतीतलं त्याचं लांबलचक नाव टाकून तिने त्याला दुसरं नाव ठेवलं. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

तो कधी घरात राहिलेलाच नव्हता. काच म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. मागच्या अंगणाच्या दारावर नाक आपटून तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्हीच काहीतरी केलं. जिना तर त्याने पाहिलाच नव्हता. मुलगी शाळेतून आली की त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवायची. चढायला तो शिकला, उतरायला शिकायला बरेच दिवस गेले. तोवर वरून मला हाक यायची, आणि मी त्याला कवेत घेऊन खाली आणायचो, चारही लांब पाय हवेत. बायको म्हणायची, "मला नाही कधी असं उचलून आणलंस."

संध्याकाळी मी भांडी घासायला उभा राहिलो की तो मागून येऊन माझ्या मांडीला टेकायचा. मी हललो तर तो पडेल, म्हणून मी हलायचो नाही. धुतलेलं भांडं पुन्हा धूत राहायचो. दिवसभर कुणीही माझ्याशी इतक्या विश्वासाने वागत नसे.

आईशी मी बोलायचो ते ऑफिसातून, दुपारच्या सुट्टीत, फोनकार्डावर. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. तिला हसवायला मी याच्या गोष्टी सांगायचो. तिने फोटो मागवला आणि तो पोचल्यावर म्हणाली, "कुत्रा आणलास की हरीण? खायला घालता ना त्याला?" त्याच्या अंगावर केस विरळ आहेत, इथल्या थंडीत तो कुडकुडतो, असं मी म्हणालो. तेव्हा तिने विचारलं होतं की मानेपासून शेपटीपर्यंत तो किती लांब आहे. मी अंदाजाने सांगितलं आणि विसरून गेलो.

मोकळ्या जागेत पट्टा कधीही सोडू नका, असं केनेलच्या बाईने दोनदा बजावलं होतं. काही पळताना दिसलं की हे कुत्रे त्याच्यामागे जातात, हाक ऐकू येत नाही त्यांना. पण तो पळतो कसा हे मला बघायचं होतं. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मैदानात कुणी नव्हतं, गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं, आणि मी पट्ट्याची कडी काढली.

क्षणभर तो उभाच राहिला. मग निघाला. माझ्या घरात काचेला धडकणारा, जिन्याच्या टोकावर थरथरणारा तो प्राणी जमिनीला जेमतेम शिवत एका मोठ्या वळणात गेला. आवाज फक्त त्याच्या श्वासाचा. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. आणि मग कुंपणाजवळ एक खार हलली. तो कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेला, जिथे रस्ता होता. मी हाका मारत धावलो. ब्रेकचा आवाज मात्र स्पष्ट ऐकला.

गाडी वेळेत थांबली होती. काच खाली करून चालवणारा माणूस मला जे बोलला ते योग्यच होतं. कुत्रा कडेला उभा होता, पंजा फाटलेला, सगळं अंग कापत होतं. मला बघून तो आला आणि मला टेकला.

काचेवर पाय पडला, असं मी घरी सांगितलं. त्यानंतर त्याला बाहेर नेताना पट्टा मी मनगटाभोवती गुंडाळायचो. मुलीला त्याला फिरवायची बंदी केली, कारण न सांगता. हा कधीतरी माझ्या हातून किंवा तिच्या हातून मरणार, एवढंच डोक्यात. मला तो घरात नको झाला होता, आणि तसं म्हणायची हिंमत नव्हती. तेवढ्यात आईचा व्हिसा आला. ती सहा महिन्यांसाठी येणार होती.

तिचं सोवळं असतं, देवपूजा असते, असं मी म्हणालो. बायकोने विचारलं, "तू विचारलंस का त्यांना?"

"विचारलं. नको म्हणाली."

सासूबाईंच्या शब्दापुढे बायको बोलली नाही. मुलीने विचारलं, आजी गेल्यावर त्याला परत आणायचा का. मी म्हणालो, बघू. केनेलवर त्याला सोडताना ती रडली नाही. तो तिला टेकून उभा होता. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "तो माझी वाट बघणार."

आईला आणायला मी एकटाच हीथ्रोला गेलो. गाडीत बसल्या बसल्या तिने हातातली पिशवी उघडली आणि तपकिरी लोकरीचा एक लांबोडा स्वेटर काढला. चार पायांसाठी चार भोकं, मानेला घडी घालता येईल अशी उंच कॉलर. "कुठंय तो तुझा घोडा?" ती म्हणाली. "आधी त्याला घालून बघू, मग चहा."

तिथे मी खरं बोलू शकलो असतो. घरी जाईपर्यंत अर्धा तास होता. पण मी म्हणालो की तो आजारी पडला आणि गेला. पोरीसमोर विषय काढू नकोस, तिला त्रास होतो. आईने स्वेटरची घडी केली. गाडीने हाउन्सलो ओलांडलं. मग ती हळूच म्हणाली, "पोरीचं काय झालं असेल रे."

पुढचे सहा महिने त्या दोघी एका घरात राहिल्या, आणि मी बघत राहिलो. आजीने काही विचारलं की मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. आजीने वेणी घालायला बोलावलं तर उठून वर जायची. आई तिच्यावर एकदाही रागावली नाही. मला म्हणायची, "दुःख आहे तिला. वेळ लागतो. मला नाही का लागत?"

उन्हाच्या दिवसांत मागच्या दारापाशी बसून तिने तो स्वेटर उसवला. त्याच लोकरीचा नातीसाठी मफलर विणला. ती लोकर कुणासाठी आणली होती, हे घरात तिला आणि मलाच माहीत होतं. मुलीने थँक यू म्हटलं आणि तो कपाटात टाकला. आई परत गेली. मी केनेलला फोन केला तेव्हा कळलं, त्याला समुद्राकाठच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने नेलं होतं.

त्याला मी पुन्हा पाहिलं नाही. अजूनही भांडी घासताना मांडीशी भार जाणवल्यासारखं होतं आणि मी हलत नाही.

मुलगी ग्लासगोला शिकायला गेली तेव्हा तिचं सामान लावायला मी गेलो होतो. बायकोने थंडीसाठी म्हणून तो मफलर खोक्यात घातला होता. मुलीने तो काढला, बघितला आणि म्हणाली, हा परत ने, मी नाही वापरणार. घडी अजून मोडलेली नव्हती. मी तिच्या पलंगावर बसलो आणि सगळं सांगितलं. मैदान, गाडी, स्वेटर.

तिने मफलर मांडीवर घेतला. बराच वेळ त्याचे टाके बोटाने चाचपत होती. "म्हणजे तिने काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी सहा महिने तिच्याशी तशी वागले."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला नाही, बाबा. आधी तिला."

तिनेच पुण्याचा नंबर लावला. तिकडे दुपार होती, आईचं जेवण झालेलं असणार. तिचा आवाज आला तसा मुलीने फोन माझ्या हातात दिला आणि गळ्यात मफलर गुंडाळून माझ्या शेजारी बसली.

"आई," मी म्हणालो, "तो कुत्रा मेला नव्हता. तो माझ्या हातून मरेल अशी भीती वाटली, म्हणून परत दिला. आणि पोरीला सांगितलं की तुला तो नको होता. ती तुझ्याशी बोलत नव्हती ते त्यामुळे. तुझं काही चुकलं नव्हतं, तिचंही नव्हतं. माझं चुकलं, आई. मला माफ कर."