रामलिंगमामांचा काळा पट्टा

मी संयोगिता. दवाखान्यात पेशंटची गाडी ढकलती. सतरा वर्सं झाली, पण सोनोग्राफीच्या खोलीत प्रश्न विचारून डॉक्टरणीला दमवणारा पेशंट एकच बघितला, रामलिंगमामा.

मामा कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध विकायचे. एक दिवस मोटारीचा हॉर्न वाजला, रंभा म्हस बुजली आणि तिनं मामांच्या डाव्या बरगडीखाली लाथ घातली. आत पाणथरी, म्हंजे प्लीहा, चिरली.

कालिंदी डॉक्टर म्हणाल्या, “लगेच कापायचं नाही. पडून राहायचं, रोज सोनोग्राफी करायची. आतलं रक्त वाढलं, तर मात्र पाणथरी काढावी लागेल.”

“मला बी दावा की,” मामा म्हणाले. डॉक्टरांनी पडदा फिरवला. “ह्यो काळा पट्टा काय?”

“सांडलेलं रक्त.”

“रक्त तांबडं असतंय की वो!”

“इथं रंग दिसत नाही, मामा. आवाज आत जातो, आपटून परत येतो, त्याचं चित्र होतं. पातळ रक्तातून काहीच परत येत नाही, म्हणून काळं.”

पुरात पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं विचारतात, तसं मामा रोज विचारायचे, “आज किती?” चार सेंटिमीटर. मग तीन. मग दोन. मला बी नाद लागला.

पाचव्या दिवशी त्यांची बायको शांतव्वा रडतच आली. रंभा कुणाला आचळाला हात लावू देईना, कास दगडागत झाल्याली. म्हस दवाखान्याच्या फाटकाशी आणून बांधली हुती.

“अक्का, मला आता दुखत न्हाय. नुसती हाक मारतो, ने की,” मामा म्हणाले. आणि मी शहाणी, नेलं! रंभा हंबरली, तशी स्वारी गाडीवरनं उतरून उकिडवी बसली, गुडघ्यात शांतव्वानं आणल्याली दुधाची चरवी. मी बोंबलले, तवर तांब्याभर धार निघाली हुती.

दुपारी पट्टा परत तीन. डॉक्टरांचा चेहराच उतरला. “कुणी नेलं यांना?”

“मीच गेलतो,” मामा म्हणाले.

मी पुढं झाले. “न्हाय मॅडम, मी नेलं.”

ऑपरेशनची तयारी झाली. संध्याकाळी परत तपासायचं, वाढला असंल तर कापायचं. तवर मी जोतिबाला किती नवस बोलले, माझं मलाच ठावं. संध्याकाळी डॉक्टरांनी दोनदा मोजलं. “तीनच आहे. थांबू या.” मी भिंतीला टेकून रडले. डॉक्टर आठवडाभर माझ्याशी बोलल्या न्हाईत. माझी चूकच हुती.

दुसऱ्या दिवसापासनं शांतव्वा गोठ्यात रंभाच्या कानाला फोन लावायची आणि मामा उताणं पडून हाक मारायचे, “रंभेऽ, सोड गं बाय.” मग फोनातनं चरवीत पडणारी धार ऐकू यायची. मामा बोटसुद्धा हलवत नव्हते.

अकराव्या दिवशी पट्टा दिसलाच न्हाय. मामांनी पडद्यावर पट्ट्याच्या जागी बोट ठेवलं.

“म्हंजे आता हितनं हाक परत येतीया व्हय?”

“येतीया, मामा,” डॉक्टर आमच्यागतच बोलल्या.