सासऱ्यांवर आणखी एक विजय

फोरमवर माझ्या पोस्टींचं शीर्षक ठरलेलं असायचं: ‘सासऱ्यांवर आणखी एक विजय’. खाली अख्खा डाव, चालीमागून चाल, आणि मध्येमध्ये माझी टिप्पणी. ‘इथं काळ्याला डुलकी लागली.’ ‘इथं काळ्यानं उंट फुकट घालवला, पण मामांचं वय बघता माफ.’ त्या पोस्टी अजून तिथंच आहेत. वाचल्या की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मराठीत बुद्धिबळावर बोलणाऱ्यांचा तो एक छोटासा फोरम आहे. कुणी आपला डाव टाकतो, कुणी पटाचं चित्र टाकून कोडं घालतो, बाकीचे सोडवतात आणि भांडतात. माझी नोकरी परळीच्या औष्णिक वीज केंद्रात. कामावरून आलो, गाडीच्या सीटवरची राख झटकली, चहा घेतला की मी आधी फोरम उघडायचो. फोनवर अनोळखी लोकांशी खेळायचो तेव्हा बहुतेक हरायचोच. ते डाव मी कशाला टाकतोय? टाकायचो ते तेलगावचे.

तेलगावला माझी सासुरवाडी. सासऱ्यांचं किराणा दुकान, मागं घर. मी त्यांना मामा म्हणतो, बायको अण्णा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून आम्ही पट मांडायचो. ते काळी घ्यायचे, मला पांढरी द्यायचे, आणि मी प्रत्येक चाल फोनात टिपत जायचो.

“काय लिवता हो पाव्हणं?” त्यांनी एकदा विचारलं.

“मामा, तुमचा डाव सगळीकडं जातोय आता.”

“जाऊ द्या की. तुमचं नाव होतंय ना, बास झालं.”

हरले की हात जोडून म्हणायचे, “लई भारी खेळलात. आपल्यानं न्हाई होत आता.” आणि मी फुगायचो. चांगला टम्म फुगायचो.

मग फोरमवर एकानं कोडं टाकलं. ‘काळ्याची चाल, एका चालीत मात. खेळणाऱ्याला दिसली नाही, तुम्हाला दिसते का?’ चित्र बघितलं तर माझाच डाव, आदल्या रविवारचा. माझा राजा आपल्याच तीन प्याद्यांमागं कोंडून बसलेला, आणि मामांचा हत्ती मोकळ्या ओळीत उभा. सरळ खाली आणला की खेळ खल्लास. मामांनी तो उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला होता.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘वयस्कर माणसाची नजर चुकते कधी. तुला काय कळतं बे?’

त्यानं शांतपणे उत्तर दिलं. ‘नजर चुकली कशी म्हणता? आधीच्या चालीत त्यांनीच हत्ती तिथं आणला होता. मात दिसली आणि लगेच उचलला. तुमचे जुने डावही बघितले. दर वेळी हेच आहे. हा माणूस हरण्यासाठी खेळतोय, आणि फार सुंदर खेळतोय.’

त्याच्याखाली आणखी एकजण: ‘सासरे आहेत ना, दादा? मग बरोबर आहे. धोंड्याच्या महिन्यात जावयाला धोंडे वाढतात, तसे डाव वाढतायत.’ त्या ओळीवर हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी कामावर जेवणाच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारला आणि एकेक जुना डाव फोनवर पुन्हा चालवून बघितला. तो म्हणत होता ते खरं होतं. मी कितीही गाढवपणा केला तरी मला जिंकता येईल अशी वाट मामा काढून ठेवायचे. मला संशय येऊ नये म्हणून मध्येच माझा एखादा घोडाही मारायचे. आणि मी खाली लिहिलं होतं, काळ्याला डुलकी लागली. शेजारचा म्हणाला, काय झालं, कान लाल झालेत तुमचे. मी म्हणालो, भाजीत तिखट जास्त आहे.

जावयाचा मान असतो, कबूल. टॉवेल-टोपी करा, पंगतीत आधी वाढा. पण डाव कशाला? मला ते फार लागलं. एकदा तरी ह्या माणसाशी खरं खेळायचं, हरलो तर हरलो, असं मी ठरवलं. बायकोला काही बोललो नाही.

शनिवारी आम्ही मुक्कामाला तेलगावला गेलो. दुपारी पट मांडताना मी म्हणालो, “मामा, आज खरं खेळायचं.”

“खरंच खेळतो की.”

“न्हाई खेळत. हत्ती कोपऱ्यात कशाला नेला, समजलंय मला.”

आतल्या दाराकडं त्यांनी बघितलं. तिथं बायको मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले होते.

“जाऊ द्या पाव्हणं,” मामा म्हणाले, “खेळात काय ठिवलंय?”

“तसं नाही चालायचं,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन, कारण त्यांनी मुकाट्यानं सोंगट्या लावायला घेतल्या.

त्या दिवशी माझ्यासमोर वेगळाच माणूस बसला होता. बोलणं नाही, डोकं खाजवणं नाही, चुकलं-बिकलं म्हणणं नाही. माझा हल्ला त्यांनी सुरू व्हायच्या आधीच मोडला. वजीर कसा गेला ते मला गेल्यावर कळलं. शेवटी ते हळूच ‘शह’ म्हणाले. ‘मात’ म्हणाले नाहीत. मी राजाला जागा शोधत राहिलो आणि जागा नव्हती. त्या चाली फोनात आहेत. माझ्याकडं टाकण्याजोगा तेवढा एकच डाव आहे, आणि तो मी टाकलेला नाही.

खोटं सांगत नाही, मला राग आला नव्हता. उलट छाती भरून आली होती, काय खेळतो हा माणूस! तेच सांगायला मी मान वर केली. मामा पटाकडं बघतच नव्हते. हात जोडून माझ्या तोंडाकडं बघत होते.

“चुकून झालं, पाव्हणं,” ते म्हणाले.

मी आत गेलो. बायको पिशवी भरत होती. निघायचं होतं दुसऱ्या दिवशी.

“हे काय?”

“निघायचं न्हाई का?”

“आत्ता? कावून?”

ती माझ्याकडं न बघता बोलली. “पहिल्या दिवाळीला अण्णांकडून हरलता, तवा भरल्या ताटावरून उठलता तुमी. तसंच निघालो आपण. परळी येईपर्यंत तोंड उघडलं न्हाई तुमी, आन् घरी गेल्यावर जे उघडलं ते माझ्यावर. अण्णांनी फोनवर इचारलं तर मला बोलता येईना. तवापासून ते तुमाला हरवत न्हाईत.”

मला ती दिवाळी आठवत नव्हती. ताट आठवत नव्हतं, रस्ता आठवत नव्हता, मी काय बोललो ते तर नाहीच. इतकी वर्षं मी ते जावयाचं कौतुक समजत होतो. ते आपल्या पोरीला जपत होते, आणि माझ्यापासून जपत होते. तिथंच उभ्या उभ्या जमीन दुभंगावी असं वाटलं.

“मी चिडलो नाही,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली, आणि साडीची घडी पिशवीत ठेवली.

“अगं, खरंच चिडलो नाही म्हणतोय ना,” मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला.

तिचे हात आणखी भरभर चालायला लागले.