वाघाची दाढ

फुसाएची सून वाकाना दुकान बुडवणार, हे मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. माझं लोणच्यांचं दुकान बरोबर समोर. मला दिसतं ना सगळं!

ओसाकात गिऱ्हाईक नुसती वस्तू घ्यायला येत नाही, घटकाभर हसायला येतं. त्यात फुसाएचं दुकान बायकांच्या कपड्यांचं. छातीवर हा एवढा वाघाचा जबडा, पाठीवर चित्त्याचे ठिपके. आमच्या वयाच्या बायका तेच घालतात, आणि का घालू नये? ऐंशीच्या म्हातारीने सदरा अंगाला लावून बघितला की फुसाए ओरडायची, "अगं, एवढी तरणी दिसलीस तर पोलीस शाळेत नेऊन सोडतील तुला!" म्हातारी एकाऐवजी दोन घेऊन जायची. बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

मग फुसाएचं खुब्याचं हाड मोडलं. ती वरच्या मजल्यावर अंथरुणात, मुलगा दिवसभर ट्रकवर, आणि गल्ल्यावर अकिता प्रांतातून आलेली वाकाना. तिकडे उत्तरेला थंडी अशी, की वारा आत शिरेल म्हणून माणसं तोंडच उघडत नाहीत. फुसाएने तिच्याकडून आपले विनोद पाठ करून घेतले. पोर गुणी, घोकले बिचारीने! पण ती पोलिसांचं नाव अशा चेहऱ्याने काढायची, की म्हातारी घाबरून मागे वळून बघायची. गिऱ्हाईक आटलं.

"पालथ्या घड्यावर पाणी," फुसाए मला म्हणाली. "औषधांच्या दुकानवाल्याला देऊन टाकते जागा. शनिवारी त्यांचा माणूस येतोय."

त्या संध्याकाळी वाकाना माझ्याकडे मुळ्याचं लोणचं घ्यायला आली आणि तिथेच तिचे डोळे भरले. "शिगेनोकाकू, मला हे दुकान फार आवडतं हो. पण मला हसवताच येत नाही."

"मग नको हसवूस!" मी खेकसलेच. "सासूचं तोंड उसनं कशाला घेतेस? तुला स्वतःला काय वाटतं ते बोल की. नाहीतर मूग गिळून उभी राहतेस खांबासारखी."

शनिवारी सकाळी तात्सुमीबाई आली, आमच्या नाचमंडळाची पुढारीण, अख्खी फौज घेऊन. तिने एका सदऱ्यात स्वतःला कसंबसं कोंबलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय गं, कशी दिसते मी?"

मी माझ्या दारातूनच मान पुढे काढली. वाकानाने तिला नीट निरखलं.

"वाघाचं तोंड फार ताणलंय," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "त्याची दाढ दुखत असावी. एक माप मोठं घ्या, म्हणजे त्याला बरं वाटेल."

संपलं सगळं, मी म्हटलं. आणि तात्सुमीबाई खाली बसली ती हसून हसून! "अगं बाई, माझ्या वाघाची दाढ!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाकीच्या बायका रेटारेटी करत पुढे आल्या. माझ्या वाघाला काय झालंय बघ, माझ्या बघ!

वाकाना एकेकीला तपासत होती. "हा ठणठणीत आहे. तुम्ही मात्र दमलेल्या दिसता, आधी बसा." "हा तुमच्याकडे बघून बिचकलाय, दुसरा काढते." खरं सांगू, ती विनोद करतच नव्हती. तिला जसं दिसत होतं तसं बोलत होती, आणि बायकांची मुरकुंडी वळत होती. मी लोणच्याचं पिंप उघडं टाकून धावले.

गलका ऐकून फुसाए जिन्यावरून बसत बसत, एकेक पायरी खाली सरकत आली. शेवटच्या पायरीवर टेकून सुनेकडे बघत राहिली. डोळे पुसले तिने, मी पाहिलं. "माझा एकही विनोद नाही गं ह्यात," ती मला म्हणाली, आणि काय अभिमान होता त्या आवाजात!

एवढ्यात औषधांच्या दुकानाचा माणूस दारात. करडा सूट, बगलेत कागद.

"तिला विचारा," फुसाएने बोट दाखवलं. "मालकीण ती आहे."

वाकाना लालेलाल झाली. मग तिने त्या माणसाला वरपासून खालपर्यंत निरखलं, तसंच, सावकाश.

"कोट खांद्यात मोठा आहे," ती म्हणाली आणि कमरेत वाकून तिने नमस्कार केला. "आणि दुकान मिळणार नाही."

असा काही हशा उठला म्हणता, छत उडायचं बाकी राहिलं! मी तर रडलेच. तो बिचारा कागद बगलेत धरून तसाच उभा राहिला, आणि मग हळूच आरशाकडे वळला.

"खरंच मोठा आहे का हो?"