देवापुढच्या दोन चिठ्ठ्या

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम पाळायचा तर दौलतकाकांबद्दल मला तोंडच उघडता येणार नाही. हे माझे सख्खे काका. बालाघाटात त्यांची राईस मिल, आणि तिथली लिखापढी वीस वर्षं माझ्याकडे. काकांची एक खोड सगळ्या गावाला ठाऊक होती. ते प्रत्येकाला सल्ला विचारायचे, समोरचा बोलत असताना गाडीच्या किल्लीने कान खाजवायचे, मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "आयकलं म्या. आता माहं आयक."

वडील गेल्यावर मला कामाला त्यांनीच लावलं होतं. खोटं कशाला बोलू? पण महिन्यातून एकदा चार माणसांत ते त्याची आठवणही करून द्यायचे. "याच्या बापानंतर कोन उभं राह्यलं, विचारा याले."

जुनी जीप काढून नवी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हाही सल्लामसलतीचा हा तमाशा झाला. दोन गाड्या नजरेत होत्या. एक हायब्रिड सेडान, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. दुसरी इलेक्ट्रिक, भलतीच महागडी, आणि इतकी खाली बसलेली की चालवून बघायला आणली तेव्हा मिलच्या फाटकातच तिचं पोट घासलं. काका तरी तिच्यावरच भाळले. "आवाज नाही, धूर नाही. अख्ख्या जिल्ह्यात कोनापाशी नाही."

काकूने एकच विचारलं, "आईच्या गावाले कोन्ती जाईन?"

काकूचं माहेर लांजीच्या पुढे, जंगलात. शेवटचे दोन-तीन किलोमीटर नुसते दगड आणि नाले. नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली, आणि काकू दर पंधरा दिवसांनी जीपने तिला भेटून यायची. काकांना ते खुपायचं. मेव्हण्याने आपल्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना मानाचा शेला देताना यांचं नाव तिसरं घेतलं होतं. बारा वर्षं झाली होती त्याला. बसने जाते म्हटलं तर, "दौलतरावची बाई बसनं? लोक काय म्हनतीन?"

हायब्रिड थोडी उंच होती, पेट्रोल कुठेही मिळतं, म्हणून काकूने तिचा हट्ट धरला. जन्मात पहिल्यांदा. काका ऐकेनात, तेव्हा ती म्हणाली, "मंग रामपायलीले चला. रामापुढं चिठ्ठ्या टाकू." काका लगेच कबूल झाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

निघायच्या आधी त्यांनी मला आत बोलावलं. "दोन्हीवर इलेक्ट्रिक लिव."

"काका, देवाचं काम आहे."

"देवाले गाडी चालवाची हाय का? लिव. का दुसरी नोकरी पाहून ठेवली?"

मी लिहिलं. दोन्हींच्या सारख्याच घड्या घातल्या. रामपायलीला काकूने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली, वाचली, हात जोडले. काकांनी देवळातच पेढे वाटले.

इलेक्ट्रिक आली, जीप गेली. त्यानंतर काकूने माहेरचं नाव काढलं की काकांचं उत्तर तयार असे. "नाल्यात बॅटरी फुटली त? तिथं चार्जिंग कुठं हाय?" आठ महिने ती आईला भेटली नाही. मग एका सकाळी आई गेल्याचा फोन आला.

डांबर संपलं तिथे काकांनी गाडी थांबवली. "जा तुम्ही, मी इथंच हावो." काचा वर, एसी चालू. गुडघे धरत, माझ्या खांद्यावर हात टाकून काकू ती वाट चालली. आम्ही पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. परत आलो तर हा माणूस सीट मागे करून झोपलेला. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला, तितका आजवर कुणाचा आला नाही.

पुढच्या वर्षी काका गेले. हार्ट अटॅक. मी रडलो नाही. तेरवी झाल्यावर काकूसमोर बसलो आणि चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं.

ती उठली आणि देव्हाऱ्यातून कागदाची एक घडी घेऊन आली. उरलेली चिठ्ठी. देवापुढे ठेवलेलं काही ती तिथे टाकून येत नसे, पदराला बांधून घरी आणायची. चाळीस वर्षं संसार करून काकांना हे माहीत नव्हतं.

"घरी आल्यावर त्याच दिवशी पाह्यली," ती म्हणाली.

"मंग बोलली काहून नाही, काकू?"

"कोनाले बोलू? त्याहिले? त्याहिच्यावर म्या कधी भरोसाच नाही ठेवला." तिने चिठ्ठी माझ्या हातात दिली. "लिवाचं काम तुह्यापाशीच येईन, म्हनून म्या चिठ्ठ्या टाकू म्हनलं."