समुद्रातल्या जिवाचं इंजेक्शन

"स्तनातला कॅन्सर आता फुफ्फुसात पोचलाय," यवतमाळचे डॉक्टर म्हणाले. याला मेटास्टॅसिस म्हणतात, म्हणजे आजारानं मूळ जागा सोडून दुसरीकडेही बिऱ्हाड केलं. आई शेजारीच बसली होती. ती नुसती "बरं" म्हणाली. मीच डॉक्टरांना तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

आधीची औषधं चालेनाशी झाली होती. डॉक्टरांनी इरिब्युलिन सुचवलं. हे केमोचं इंजेक्शन, शिरेतून देतात, आणि ते कॅन्सरच्या पेशींना वाढू देत नाही. "मुळात हे समुद्रातल्या स्पंजात सापडलं," ते जाता जाता म्हणाले.

मी ढाणकीच्या शाळेत विज्ञान शिकवते. अशी गोष्ट माझ्या पोटात राहते होय! काही इंजेक्शनांनी आईचा खोकला उतरला, तशी उमरखेडच्या एसटीत मी तिला सगळं रंगवून सांगितलं. स्पंज म्हणजे झाड नाही आई, प्राणी असतो तो.

आईनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला. बारीकसा जीव मरू नये म्हणून ती पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पिते. मी त्याच घरात वाढले, तरी माझ्या जिभेला लगाम नाही.

"म्हणजे माह्यासाठी जीव मारला का वं?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "मले नाही पाह्यजे ते औषध."

पुढचं इंजेक्शन चुकलं. मी रडले, भांडले, जेवण सोडून बसले. ती ढिम्म हलली नाही. खोकला परत सुरू झाला. तो ऐकला की वाटायचं, आईला मीच मारतेय. शाळेत फळ्यापुढे उभं राहायचीही लाज वाटायची.

शेवटी नुसतं तपासून येऊ म्हणून तिला नेलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"आजी, आता हे कारखान्यात बनतं. त्यासाठी समुद्रातून काही काढत नाहीत," ते म्हणाले.

"अन् पह्यल्यांदा शोधलं तवा?"

मी डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हणा. त्यांनी ते पाहिलं, आणि तरी म्हणाले, "तेव्हा काढले होते. पुष्कळ."

"आता तं नाही काढत ना?" आईनं खात्री करून घेतली. मग तिनं नर्सपुढे हात केला. सुई टोचण्याआधी त्या बाटलीला हात जोडून हळूच "दंडवत" म्हणाली.

चुकलेल्या इंजेक्शनानं किती नुकसान झालं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ते ओझं माझ्यावर आहेच. पण तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर त्याच्याशी खोटं बोलायला डॉक्टरांना खुणावू नका. त्या दिवशी ते माझ्या खुणेला भुलले नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही.

परतताना मी म्हटलं, "आई, मी सांगायलाच नको होतं."

"सांगतलं ते बरं केलं," ती म्हणाली. "कोनाच्या जिवावर जगून राह्यलो, ते मानसाले माहीत पाह्यजे."