कोल्ह्याची डबी

“ती पोरगी मुकी हाय का हो?”

वैरागहून लग्नाच्या चादरी घ्यायला आलेल्या बाई माझ्याकडे बघत होत्या, पण प्रश्न डबीकाकांना होता. काका चादरीची घडी उलगडत होते. मान वर न करता ते म्हणाले, “न्हाय वो अक्का. बोलती की. पण इंग्लिशमधी.”

खरं तर मी त्या दुकानात इंग्लिशमध्येही कधी बोलले नव्हते. मी कुठेच फारसं बोलत नाही. पण माझा युनिफॉर्म कॉन्व्हेंटचा होता आणि तोंड बंद होतं. या दोन गोष्टींवरून काकांनी ठरवून टाकलं की या मुलीला मराठी येत नाही. ते सुधारायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मी गप्प राहिले. कॉलेज संपलं तरी त्यांची समजूत तशीच होती.

डबीकाकांचं दुकान सोलापुरात, नवी पेठेत. पुढे सोलापुरी चादरी आणि टॉवेल, मागच्या भिंतीवर टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या कन्सोलचे गेम. कुणा व्यापाऱ्याने एकदा चादरींच्या बदल्यात गेमची एक पेटी त्यांच्या गळ्यात मारली होती, तिथून हा धंदा सुरू झाला. स्वतः त्यांनी एकही गेम खेळलेला नव्हता. पण गेमच्या प्लॅस्टिकच्या डब्यांवर त्यांचा जीव होता, म्हणून माझ्या दादाने त्यांना डबीकाका नाव ठेवलं. गेमची नावं त्यांना माहीत नसत, ते डबीवरच्या चित्रावरून ओळखत. ‘रागावलेला टकला’, ‘मोटारीवरची बाई’, ‘लई ढग’. डिस्कवर तोंडाची वाफ सोडून ती टॉवेलच्या टोकाने पुसत आणि सवयीने म्हणत, “रंग जाणार न्हाय. गॅरंटी.”

एकट्याने खेळायचा गेम ‘सिंगल’ आणि दोघांनी खेळायचा ‘डबल’, हा त्यांचा हिशोब चादरींवरून आलेला. त्या वैरागच्या बाईंनी “डबल दाखवा, नवरानवरीसाठी” म्हटल्यावर काकांच्या डोक्यात नेमकं दुसरं कपाट उघडलं. त्यांनी दोन पैलवान एकमेकांचा गळा धरून उभे असलेली डबी समोर ठेवली. “ही घ्या. नव्या जोडप्यास्नी लई चालती.” बाईंनी डबी उलटसुलट पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, “फुलाफुलांची न्हाय का?”

माझ्याशी ते इंग्लिश बोलत. काउंटरवर एक जुना टीव्ही होता, डिस्क चालते हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. काकांची सगळी इंग्लिश त्याच टीव्हीवरून आलेली. मी आले की, “वेलकम, प्लेअर वन.” दादा बरोबर असला की, “प्लेअर टू जॉइन्ड.” चहा की कॉफी हे विचारायचं तर, “सिलेक्ट युअर कॅरेक्टर.” चहा येईपर्यंत, “लोडिंग. प्लीज वेट.” वीज गेली की, “गेम ओव्हर.” आणि आम्ही निघालो की हात जोडून, “सेव्ह अँड एक्झिट, मॅडम.” मी मान हलवायची. एवढ्या वर्षांत माझ्याशी इतक्या आदराने दुसरं कुणी बोललेलं नाही.

दुकानाचा एक नियम मात्र फार कडक होता. हवा तो माल तोंडाने मागायचा. नियम त्यांच्या वडिलांचा, चादरींच्या काळातला. “मुक्यानं घेतलेली चादर ऊब देत न्हाय,” असं वडील म्हणत. कुणी नुसतं बोट दाखवलं की काका त्या बोटाकडे बघत बसत, मालाकडे बघतच नसत. माझ्या वतीने मागायचं काम दादा करायचा. मी त्याच्या कानात सांगायची, तो मोठ्याने सांगायचा, आणि काका डबी माझ्या हातात ठेवत म्हणायचे, “ट्रान्सलेटर बरा मिळालाय.”

मग दादाने एक जुना गेम ऑनलाइन विकत घेतला आणि ते दुकानात सांगून बसला.

“घेतलास? दाखव की.”

“दाखवायला काही नाही, काका. मशीनमध्ये उतरवून घेतला.”

“उतरवून?” काकांनी टॉवेल खाली ठेवला. “अरे, दृष्ट उतरवत्यात. गेम घेत्यात.”

दादाने समजावलं. दुकान नाही, डबी नाही, डिस्क नाही. बटण दाबायचं, गेम येतो. काकांना ते पटेना. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आमच्या घरी आले, नवी गाडी बघायला येतात तसे. आईने चहा टाकला. दादाने टीव्ही लावून पडद्यावरचा छोटा चौकोन दाखवला. काकांनी चष्मा पुसून तो निरखला.

“बरा हाय. आता मागची बाजू दाखव.”

“मागची बाजू नसते, काका.”

काका उठले आणि टीव्हीच्या मागे जाऊन बघून आले. तिथे वायर होत्या आणि आमची हरवलेली फणी होती. ती त्यांनी आईला दिली.

“मग कंटाळा आल्यावर इकणार कसा? मित्राला द्यायचा तर?”

“देता येत नाही.”

“म्हंजे घेतला न्हाय तू,” काका पेढा तोंडात टाकत म्हणाले. “बघायला परवानगी मिळालीय तुला.”

मला मात्र ते बटण मनापासून आवडलं होतं. बटण ‘कुणाची गं तू?’ विचारत नाही. बटणाला आपला आवाज ऐकवावा लागत नाही. दादा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर मी हवे ते सगळे जुने गेम बटणानेच घेतले. काकांच्या दुकानात जात राहिले, पण फक्त चहासाठी आणि एका डबीकडे बघण्यासाठी. तिच्यावर कंदील धरलेला एक कोल्हा होता. दादा आणि मी लहानपणी तो गेम मामाच्या घरी अर्धा खेळलो होतो. कोल्हा पुलापर्यंत पोचला होता आणि आमची सुट्टी संपली होती. ऑनलाइन दुकानातही तो होता. दादा दिवाळीला आला की बटण दाबू, असं मी ठरवून ठेवलं होतं.

दिवाळीआधीच कंपनीने त्या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान बंद केलं. घेतलेलं राहील, नवीन काही मिळणार नाही. दादाने फोन करून काकांना सांगितलं. त्याला वाटलं, काका पेढे वाटतील. मी संध्याकाळी गेले तर दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. पेठेत कुणाचं दुकान कायमचं बंद झालं की शेजारी त्या दिवशी शटर अर्धं ओढतात, तशी रीत आहे. वाकून आत गेले. काका आणि शेजारचा कापडवाला अंधारात बसले होते.

“ऑनलाइन शॉप,” ते मला म्हणाले आणि थोडं थांबून, “गेम ओव्हर.” मग कापडवाल्याकडे वळून मराठीत, “कसाबी असला तरी दुकानदारच की वो. सेल तरी लावला आसल का बिचाऱ्यानं?”

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्यांनी आपलंही आवरायला घेतलं. गुडघे गेले होते, मुलगी अक्कलकोटला बोलवत होती. चादरी पुतण्या बघणार होता. त्याला भिंतीवर टॉवेल हवे होते, गेम नको होते. काकांनी दारात पाटी लावली: ‘डब्या संपेपर्यंत. तोंडानं मागा.’

मी रोज जायची. घरून निघताना वाक्य पाठ केलेलं असायचं. पेठेच्या तोंडाशी ते अर्धं राहायचं आणि दुकानात नुसतीच मान. काका विचारायचे, “येस, मॅडम? प्रेस एनी बटन.” मी कोल्ह्याकडे बघायची, ते माझ्याकडे बघायचे. भिंत रिकामी होत गेली. टकला गेला, ढग गेले, मोटारीवरची बाई गेली. कोल्हा वरच्या फळीवर तसाच, आणि दर दिवशी जरा जास्त कोपऱ्यात सरकलेला.

शेवटच्या दिवशी पाठीवर सॅक लावलेला एक मुलगा आला. जुने गेम जमवायचा छंद असलेला, पुण्याचा. त्याने भिंतीवर नजर फिरवली आणि ओरडलाच, “काका, तो कोल्ह्याचा द्या! मी किती शोधलाय हा! आता कुठे डाउनलोडपण होत नाही.”

तोंडाने मागितलं होतं. स्वच्छ, मोठ्याने, सगळ्यांदेखत. नियम नियम होता, तोही वडिलांचा. काकांनी स्टूल ओढलं, दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढले आणि डबी खाली आणली. टॉवेलने पुसली. पुन्हा पुसली. मुलाने हात पुढे केला. काकांनी डबी छातीशी धरली आणि माझ्याकडे वळले.

“कंटिन्यू?” ते म्हणाले.

मुलाला काही कळलं नाही. “काका, मी मागितला ना?”

“थांबा वो. मशीन इचारतंय.” काका माझ्याकडेच बघत होते. टीव्हीवर गेम हरल्यावर ‘कंटिन्यू?’ विचारून आकडे उतरत येतात, त्याच सुरात त्यांनी सुरुवात केली. “नाइन... एट...”

टॉवेल रचत असलेला पुतण्या थांबला. शेजारचा कापडवाला दारात येऊन उभा राहिला. माझं पाठ केलेलं वाक्य सगळं पुसलं गेलं होतं. इंग्लिश शब्द सुचेना, शाळेतलं मराठीही सुचेना.

“थ्री...” काका आता फार सावकाश मोजत होते. “टू...” त्यांनी टॉवेलने एकदा स्वतःचं कपाळ पुसलं. “वऽऽन...”

“ओ काका, थांबा की!” मी ओरडले. “ती कोल्ह्याची डबी माझी हाय, द्या हिकडं! आन मला मराठी येतंय वो, लई येतंय!”